दुसऱ्या क्रमांकाची विजेती

रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये रशियाच्या मार्गारीता मामूनपेक्षा मोठ्या खेळाडू होऊन गेल्या आहेत, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. सायबेरियातल्या ओम्स्कच्या येवगेनिया कानाएवाने २००८ मध्ये बीजिंगला आणि २०१२ मध्ये लंडनला, अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं वैयक्तिक ऑल-अराउंड प्रकारात मिळवली. हे आजवर दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही. २००९ साली जपानमधल्या मिए इथे झालेल्या जागतिक स्पर्धेत सहापैकी सहा सुवर्णपदकं तिची होती. बल्गेरियाच्या मारिया गिगोवाने आणि पुढे त्याच देशाच्या मारिया पेत्रोवाने प्रत्येकी तीनदा जगज्जेतेपद पटकावलं. मामूनच्या नावावर ऑल-अराउंडमधलं एकही जगज्जेतेपद नाही, युरोपचं विजेतेपदही नाही. मोठं असं आहे ते एकच, रिओ ऑलिंपिकचं.

मग हे पुस्तक हिच्यावर का? कानाएवाचं चरित्र लिहायला बसलं की ते पदकांची यादी होऊ लागतं. एक स्पर्धा जिंकली, मग दुसरी, मग तिसरी. त्यात वाचकाला शिरायला जागाच उरत नाही. मामूनचं तसं नाही. तिची बहुतेक कारकीर्द दुसऱ्या क्रमांकावर गेली. आपल्याच देशातल्या, आपल्याहून लहान, आपल्याच मैदानावर सराव करणाऱ्या मुलीच्या मागे ती उभी राहिली. शिवाय या खेळाच्या बंद दाराआड नेमकं काय चालतं, हे कॅमेऱ्याने जवळून टिपलं ते हिच्याच बाबतीत. आणि तिसरं कारण तिच्या आडनावात आहे.

ऑगस्ट २०१६ आठवून पाहा. १४ तारखेला रिओच्या ऑलिंपिक अरीनामध्ये आगरतळ्याच्या दीपा कर्माकरने प्रोदुनोव्हा व्हॉल्ट मारला आणि ज्यांना जिम्नॅस्टिक्सचा गंधही नव्हता अशी घरंसुद्धा रात्री जागी राहिली. दीपा चौथी आली. कांस्य आणि तिच्यात ०.१५० गुणांचं अंतर होतं. १९ ला बॅडमिंटनमध्ये पी. व्ही. सिंधूचा अंतिम सामना झाला. पुढचे दोन दिवस आपल्या वर्तमानपत्रांत दुसऱ्या कशाला जागा नव्हती, आणि ते रास्तही होतं. २० तारखेला त्याच अरीनामध्ये, आपल्याकडे मध्यरात्र उलटत असताना, राजशाहीच्या एका बंगाली बापाची मुलगी रशियाकडून खेळताना ऑलिंपिक विजेती झाली. आपल्याकडे ते फारसं कुणाच्या लक्षातही आलं नाही. ढाक्यात मात्र आलं. कोट्यवधी लोकसंख्येच्या बांगलादेशला आजवर ऑलिंपिकमध्ये एकही पदक मिळालेलं नाही. अशा देशाने मॉस्कोत जन्मलेल्या मुलीला आपली म्हणावं यात हसण्यासारखं काही नाही. लिओ वराडकर आयर्लंडचा पंतप्रधान झाला तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराड गावाला झालेला आनंद आपण पाहिलाच आहे. रक्ताच्या नात्याने ओढून आणलेलं हे श्रेय कोरडं असतं, खोटं नसतं. रशियाच्या तेव्हाच्या मुख्य प्रशिक्षक इरिना विनर यांनीच तिला ‘बंगालची वाघीण’ म्हटलं आणि ते नाव दोन्ही देशांत टिकलं.

बालपण फार लांबवत नाही, पहिल्या दोन प्रकरणांत ते सविस्तर येतंच. वडील अब्दुल्ला अल मामून जहाजावरच्या अभियांत्रिकीच्या पेशातले आणि शिक्षणासाठी सोव्हिएत संघात गेलेले. आई आन्ना स्वतः एकेकाळची रिदमिक जिम्नॅस्ट. १ नोव्हेंबर १९९५ रोजी मॉस्कोत मुलीचा जन्म झाला. घरात आणि पुढे मैदानावर सगळे तिला रीता म्हणत. सातव्या वर्षी ती जिम्नॅस्टिक्सला जाऊ लागली. या खेळात हे वय लवकरचं मानत नाहीत. चौथ्या-पाचव्या वर्षी सुरुवात करणाऱ्या मुलींची तिथे कमतरता नसते. पुढे अमिना झारिपोवा तिच्या प्रशिक्षक झाल्या. झारिपोवा मूळच्या उझबेकिस्तानच्या, विनरबाईंच्याच तालमीत वाढलेल्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्यांचा क्रमांक चौथा होता. पदकाच्या दारातून परतणं काय असतं हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलेलं नव्हतं.

आता थोडं खेळाविषयी, कारण टीव्हीवर पाहताना हा खेळ नाचाचा जरा अवघड प्रकार वाटतो आणि तिथेच गैरसमज सुरू होतो. तेरा मीटर लांब, तेरा मीटर रुंद गालिचा. त्यावर सव्वा ते दीड मिनिटाची रचना, संगीताच्या साथीने. खेळाडू एकटी, हातात एक साधन: हूप, बॉल, क्लब्जची जोडी किंवा रिबन. पूर्वी दोरीही होती. वरिष्ठ वैयक्तिक गटातून ती २०११ पासून गेली. चारही साधनांवरच्या गुणांची बेरीज म्हणजे ऑल-अराउंड. बॉल चारशे ग्रॅमचा, पण तो बोटांनी पकडायचा नाही. तळव्यावर, दंडावर, पाठीवर नुसता राहिला पाहिजे, घरंगळला पाहिजे. रिबन सहा मीटर लांब, आणि ती क्षणभरही निपचित पडता कामा नये. हॉलमधल्या वातानुकूलनाच्या झोताने तिला गाठ पडल्याची उदाहरणं आहेत. ती गाठ संगीत चालू असतानाच सोडवावी लागते. साधन उंच फेकायचं, ते हवेत असताना दोन-तीन कोलांट्या किंवा गिरक्या घ्यायच्या आणि न बघता, कधी पाठीमागे, कधी पायांनी, ते झेलायचं. कोलांटी संपायला पाव सेकंद उशीर झाला तर हूप गालिच्याबाहेर गेलेला असतो.

हे सगळं करताना चेहरा मात्र हसरा हवा, श्वास लागलेला दिसायला नको. गुणपत्रिकेत अंमलबजावणीचे गुण वेगळे असतात. कष्ट दिसले, हालचाल अडखळली, संगीत एकीकडे आणि अंग दुसरीकडे गेलं की ते कापले जातात. कुस्तीत पहिलवान घामाने निथळला तर त्याचे गुण जात नाहीत. इथे घाम दिसणं हीच चूक. माझ्या मते या खेळाबद्दलचं बरंचसं मौन इथूनच येतं. दुखणं लपवणं हे ज्या खेळात कौशल्य मानलं जातं, त्यात मैदानाबाहेरचं दुखणं कुणी विचारत नाही आणि खेळाडूही सांगत नाही.

गुणांच्या बाबतीत या खेळाची अब्रू फारशी चांगली नाही, तेही नोंदवून ठेवते. १९८४ मध्ये, म्हणजे पी. टी. उषाचं पदक शतांश सेकंदाने हुकलं त्याच लॉस एंजेलिसमध्ये, रिदमिक जिम्नॅस्टिक्स पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं. पण सोव्हिएत गटाच्या बहिष्कारामुळे तेव्हाच्या सर्वोत्तम मुली आल्याच नाहीत आणि कॅनडाची लोरी फंग जिंकली. पुढे पंचांच्या संगनमताच्या तक्रारी होत राहिल्या. २०१३ मध्ये तर पंचांच्याच परीक्षेत कॉपी झाल्याचं उघड झालं आणि आंतरराष्ट्रीय महासंघाला अनेक पंचांवर कारवाई करावी लागली. दहावी-बारावीच्या कॉपीच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल.

रशियाचं वर्चस्व केवळ पंचांच्या मेहेरबानीवर उभं होतं असं मात्र मला वाटत नाही. सिडनी २००० पासून रिओ २०१६ पर्यंतच्या पाचही ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण रशियालाच गेलं. मॉस्कोजवळच्या नोव्होगोर्स्क इथल्या राष्ट्रीय केंद्रात देशभरातून निवडलेल्या मुली वर्षभर सराव करत. ऑलिंपिकमध्ये एका देशाच्या दोनच वैयक्तिक खेळाडूंना प्रवेश असतो. त्यामुळे जगात तिसरी असू शकेल अशी मुलगी रशियात घरी बसे. २०१६ मध्ये ती वेळ अलेक्सांद्रा सोल्दातोवावर आली. खरी लढत या केंद्रातच चाले. बाहेरची स्पर्धा त्यामानाने सोपी.

त्या लढतीत रीतासमोर होती याना कुद्र्यावत्सेवा. वयाने जवळजवळ दोन वर्षांनी लहान. २०१३ मध्ये कीव्हच्या जागतिक स्पर्धेत यानाने पंधराव्या वर्षी विजेतेपद मिळवलं. त्याच वर्षी कझानच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत जिंकून आलेली रीता कीव्हमध्ये चुकांमुळे ऑल-अराउंडमध्ये सहावी आली. २०१४ मध्ये इझमीर: याना पहिली, रीता दुसरी. २०१५ मध्ये श्टुटगार्ट: याना पहिली, रीता दुसरी. २०१६ ची युरोपीय स्पर्धा, इस्रायलमधलं होलोन: पुन्हा तेच. दोघी वैरिणी नव्हत्या. एकत्र सराव, एकत्र प्रवास. यानाचं काम यंत्रासारखं बिनचूक. रीताचं अंग अधिक लवचीक आणि अधिक बोलकं. पण मोक्याच्या वेळी तिचं मन डगमगतं, असा शिक्का तिच्यावर बसला होता. असा शिक्का एकदा बसला की साधी चूकही त्याच्याच खात्यावर जमा होते.

हे डगमगणं कुठून येत होतं, याचं एक उत्तर मार्ता प्रुस या पोलिश दिग्दर्शिकेच्या माहितीपटात आहे. २०१७ सालच्या या चित्रपटाचं नाव ‘ओव्हर द लिमिट’. लांबी सव्वा तासापेक्षाही कमी. निवेदन नाही, मुलाखती नाहीत. रिओच्या आधीच्या काळात कॅमेरा नुसता रीताच्या जवळ राहतो. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मध्येच थांबवून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले होते. मारहाण नाही, कुठे रक्त नाही. आहे ते बोलणं. विनरबाई सर्वांसमोर तिला जे बोलतात ते इथे उतरवण्यासारखं नाही. त्यातलं सौम्य वाक्य म्हणजे तू माणूस नाहीस, खेळाडू आहेस, अशा अर्थाचं. रचना चांगली झाली तरी बोलणी, बिघडली तरी बोलणी. झारिपोवा मधल्यामध्ये. कधी त्या मुलीला जवळ घेतात, कधी मोठ्या बाईंच्या सुरात सूर मिसळतात. आणि याच महिन्यांत घरून बातमी येते की वडिलांना कर्करोग आहे. सरावाचं वेळापत्रक त्या बातमीसाठी थांबत नाही. रीता बहुतेक वेळ गप्प असते. डोळे भरतात, पुसते, पुन्हा गालिच्यावर जाते.

चित्रपट पाहून दोन प्रकारची माणसं दोन टोकांना जातात. एक म्हणतात, हा छळ आहे, सुवर्णपदक गेलं खड्ड्यात. दुसरे म्हणतात, निकाल बघा ना. आपल्याकडे दुसऱ्या मताचे लोक जास्त भेटतात. छडी लागे छमछम हे आपल्या हाडीमासी मुरलेलं आहे, आणि क्लासबाहेर बाकावर डबा घेऊन बसलेल्या आयांमध्येही मी हे मत ऐकलं आहे. या दुसऱ्या मताविषयी मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. विनरबाईंची विद्या खरी आहे. ताश्कंदपासून सुरू झालेली त्यांची कारकीर्द, साधनांवरच्या पकडीचा त्यांचा आग्रह, संगीत निवडण्याची नजर, हे सगळं नाकारणारा माणूस खेळ न पाहता बोलतो आहे. पण अपमानामुळे पदकं मिळाली, हे त्यातून सिद्ध होत नाही. इतक्या मोठ्या देशातून निवडलेल्या मुली, वर्षभराचं केंद्र, नृत्यशिक्षक, पिढ्यान्‌पिढ्यांचं शिकवणं, एवढं जिथे आहे तिथे गोड बोलणारी बाईही जिंकली असती, असं म्हणायला निदान तितकीच जागा आहे. अपमानाने जे बिघडलं त्याची मोजदाद होत नाही, कारण बिघडलेल्या मुली पदकमंचावर दिसत नाहीत. रीता दिसली म्हणून तिच्या वाट्याला आलेलं सगळं योग्य होतं असं मागाहून ठरवलं जातं. हा हिशेब मला मान्य नाही, आणि पुढची पानं त्याच नाराजीतून लिहिली आहेत.

तरीही रिओचा दिवस त्या नाराजीपेक्षा मोठा आहे. अंतिम फेरीत दहा जणी. हूपवर यानाला १९.२२५, रीताला १९.०५०. बॉलवर यानाला १९.२५०, रीताला १९.१५०. दोन साधनं झाली आणि याना पुढे होती. कीव्ह, इझमीर, श्टुटगार्ट, होलोन, सगळं त्याच क्रमाने चाललं होतं. मग क्लब्ज. यानाची रचना संपता संपता, अगदी शेवटच्या झेलीला एक क्लब हातातून निसटला. साधन सुटल्याचे गुण जातातच. त्या झेलीला बांधलेल्या अवघड घटकाचे गुणही मिळत नाहीत. पाटीवर आकडा आला १७.८८३. रीताला त्याच साधनावर १९.०५०. रिबनवर यानाने पुन्हा १९.२५० मिळवले, म्हणजे चुकीनंतरही ती कोसळली नाही. ही गोष्ट तिच्या श्रेयात धरायलाच हवी. पण रीताने रिबनवर १९.२३३ मिळवले, तिच्या चार रचनांतले सर्वांत जास्त. बेरीज ७६.४८३ विरुद्ध ७५.६०८.

यानाचा क्लब पडला नसता तर? हा प्रश्न त्या रात्रीपासून विचारला जातो. क्लब पडला नसता तर बहुधा याना जिंकली असती. पण रीताच्या चार आकड्यांकडे पाहा. सर्वांत कमी १९.०५०, सर्वांत जास्त १९.२३३. जिच्यावर डगमगण्याचा शिक्का होता तिचे गुण त्या दिवशी दोन दशांशाच्या आत राहिले, आणि मुख्य म्हणजे दार उघडल्याचं दिसत असताना राहिले. पुढे असलेल्या माणसाला चूक परवडते. मागून अचानक पुढे आलेल्याला ती परवडत नाही, आणि नेमकी तेव्हाच होते. ती झाली नाही. म्हणून नशिबाने मिळालेलं सुवर्ण असं याला म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते.

पदकमंचावर तिसरी उभी होती युक्रेनची गान्ना रिझातदिनोवा. जन्म क्रिमियातल्या सिंफेरोपोलचा, २०१३ च्या कीव्हच्या स्पर्धेतली उपविजेती. रिओपर्यंत तिचं जन्मगाव रशियाच्या ताब्यात जाऊन दोन वर्षं झाली होती. तीन मुली, तीन हसरे चेहरे, छायाचित्रात यातलं काही दिसत नाही.

सुवर्ण जिंकल्यानंतर काही दिवसांतच रीताचे वडील गेले. मुलगी जिंकल्याचं त्यांना कळलं होतं. २०१७ मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली. त्याच वर्षी अलेक्सांदर सुखोरुकोव्ह या ऑलिंपिक पदकविजेत्या जलतरणपटूशी तिचं लग्न झालं. वयाच्या बाविसाव्या वर्षी कारकीर्द संपणं आपल्याला चटका लावणारं वाटतं. या खेळात ते नेहमीचंच आहे. यानाही फार काळ राहिली नाही. पुढे टोकियोत इस्रायलची लिनॉय अश्राम जिंकली. तिच्या हातून शेवटच्या रचनेत रिबन सुटली होती, तरी रशियाच्या दीना आवेरिनापेक्षा तिचे गुण किंचित जास्त भरले, आणि विनरबाईंनी पंचांवर जाहीर आगपाखड केली. रिओत सुटलेल्या क्लबने सुवर्ण हिरावलं आणि टोकियोत सुटलेल्या रिबनने हिरावलं नाही, यावरून रशियात किती शाई खर्च झाली याची कल्पना करता येईल. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियन जिम्नॅस्टना आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बाहेर ठेवण्यात आलं. पॅरिस २०२४ चं सुवर्ण जर्मनीच्या दार्या वार्फोलोमेयेव्हने जिंकलं. तिचा जन्म रशियातल्या बार्नाउलचा. म्हणजे रशियात जन्मलेली विजेती याही वेळी होतीच, झेंडा तेवढा वेगळा होता.

मराठीत हे पुस्तक कुणासाठी, असा प्रश्न प्रकाशकांनी विचारला होता आणि तो अवघड नव्हता. ऑलिंपिकच्या रिदमिक प्रकारात भारताची मुलगी अजून पोचलेली नाही, पण महाराष्ट्रात, विशेषतः ठाण्यात, हा खेळ नेटाने खेळला जातो. २०२२ च्या जूनमध्ये पंचकुल्यात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत ठाण्याच्या संयुक्ता काळेने पाच सुवर्णपदकं जिंकली. दोरीच्या मल्लखांबावर मुली वाढवणाऱ्या राज्याला शरीराची लवचीकता आणि तिला लागणारी शिस्त समजावून सांगायला नको. समजावून सांगायची आहे ती स्पर्धेच्या अगदी टोकावरची हवा, जिथे अजून आपलं कुणी गेलेलं नाही. गेलं तर बरोबर कोण असावं, त्याने कसं बोलावं, हे आत्तापासून ठरवता येतं.

वाचकांना दोन सूचना. गुणांच्या नियमांवरचं चौथं प्रकरण रटाळ वाटण्याची शक्यता आहे. ते टाळून पुढे गेलात तरी गोष्ट तुटणार नाही. फक्त रिओच्या प्रकरणाला हात घालण्याआधी त्यातली क्लब्जवरची तीन पानं वाचून घ्या. आणि जमलं तर त्या अंतिम फेरीतल्या दोघींच्या रचना आधी पाहा, निकाल माहीत असूनही. पहिल्या पाहण्यात नजर साधनावर राहते. दुसऱ्यांदा ती झेलीच्या आधीच्या क्षणी खेळाडूच्या खांद्यांकडे गेली, तर या पुस्तकातलं पुष्कळसं तुम्हाला माझ्याआधीच कळलेलं असेल.